शेवटच्या पाण्यात एक झाकण

घामाला वास येतो हे मला कोणी शिकवायला नको. चार वर्षं मी जिममध्ये बायकांना उड्या मारायला लावते आहे. एका बंद खोलीत पंधरा बायका तासभर घामाघूम झाल्या की काय होतं ते मला पाठ आहे. पण माझ्या टी-शर्टला जो वास यायला लागला होता तो घामाचा नव्हता, घामाच्या आजोबांचा होता.

बरं, तो वास लबाडही होता. धुतलेला, वाळलेला, घडी घातलेला शर्ट नाकाला लावला तर फुलांचा मंद वास. मी खूश होऊन अंगात घालायची. क्लास सुरू व्हायचा, दहा मिनिटं जायची, अंग तापायचं, आणि मग त्या फुलांच्या खालून ते वर यायचं. ओलं पायपुसणं चार दिवस बादलीत विसरलं की येतो, तसा. मी हात वर करायची तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका एक पाऊल मागे सरकायच्या. आधी मला वाटलं, त्यांना जागा कमी पडते आहे. मी काय वेडी आहे का, जागा कमी पडणारी माणसं मागे कशाला सरकतील? पण आपल्याला हवं तेच आपण समजून घेतो.

एका गुरुवारी मालकीणबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत आणि मला ताई म्हणतात.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या.

अशी सुरुवात झाली की पुढे वाईटच वाटणार असतं. त्यांनी सूचनापेटीतली एक चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. अक्षर अगदी वळणदार होतं. 'सकाळच्या मॅडम फार छान शिकवतात. पण पहिल्या रांगेत उभं राहवत नाही.'

मी ती दोनदा वाचली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"पुढच्या महिन्यापासून सकाळच्या चारही बॅचेस एकाच ट्रेनरकडे द्यायच्या आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यात तुमचंच नाव होतं. अजून आहे. पण हे असं असेल तर मला दुसरा विचार करावा लागेल. पुढच्या गुरुवारी मी स्वतः तुमच्या क्लासला पहिल्या रांगेत उभी राहते. मग ठरवू. आणि चार बॅचेस एकीकडे गेल्या की दुसऱ्या ट्रेनरला काही उरणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको."

म्हणजे एक आठवडा. हे काम मला चाळिशी उलटल्यावर मिळालं होतं. त्याआधी वीस वर्षं मी एका ऑफिसात खुर्चीला चिकटून पाठ मोडून घेतली होती. मग व्यायामाने पाठ सुधारली, परीक्षा दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सकाळी उठून कामावर जावंसं वाटायला लागलं. ते काम माझ्या काखेतल्या वासापायी जाणार, ह्या विचाराने मला रडू नाही आलं, संताप आला.

तुम्ही म्हणाल, नवीन शर्ट घे. शर्ट जिमचे. जांभळे, पाठीवर नाव छापलेले, घसरत्या कापडाचे, वर्षाला तीन मिळतात. तिन्हींची गत एकच होती.

घरी कपडे धुण्याचं खातं बाबांकडे. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "मी इथे फुकट बसून खाणार नाही." स्वयंपाक आणि धुणं त्यांनी परस्पर ताब्यात घेतलं. बाबा तीस वर्षं एका होस्टेलच्या खानावळीत मुख्य आचारी होते. तिथली मुलं त्यांना मागून 'नाक' म्हणायची. कारण तिकडे भटारखान्याच्या दुसऱ्या टोकाला कांदा जरासा जास्त लाल झाला, तर बाबा इकडून ओरडायचे. त्यांच्या हाताखाली सहा माणसं होती, पण कुठलंही पातेलं बाबांनी पाहिल्याशिवाय बाहेर जात नसे. सगळं व्यवस्थित झालेलं असलं तरी बाबा येणार, झाकण उचलणार, नाक आत घालून डोळे मिटणार, आणि काहीतरी चिमूटभर टाकणारच. त्याला ते शेवटचा हात म्हणायचे. शेवटचा हात फिरल्याशिवाय काम झालं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

मी घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं.

"मी तर चांगले धुतो," ते म्हणाले. चेहरा एवढासा झाला होता.

"तुमचा दोष नाही हो बाबा. ते कापडच मेलं तसलं आहे. आता आठवडाभर हे तीन शर्ट मी धुणार."

"मी असताना?"

"तुम्ही शेवटचं पाणी द्या आणि वाळत घाला."

शुक्रवारी मी सुरुवात केली. कुठेतरी वाचलं होतं की खायचा सोडा वास ओढून घेतो, आणि दुसरीकडे वाचलं होतं की व्हिनेगरने वास मरतो. मी हिशेब केला की दोन्ही घातले तर दुप्पट. बादलीत शर्ट टाकले, वरून दोन्ही ओतलं. बादली अशी फसफसून वर आली की मला वाटलं, आता ह्या वासाची धडगत नाही. फसफस बसली, मी शर्ट धुतले, शनिवारी घातला. दहा मिनिटं. आणि आजोबा हजर.

शनिवारी लिंबं पिळली. अर्धा डझन. काखेत मीठ लावून घासलं, बोटांची सालटी निघाली. रविवारी सुट्टी, म्हणून पाणी उकळून त्यात शर्ट तासभर बुडवून ठेवले आणि मग दिवसभर गच्चीवर कडक उन्हात. बाबा दर तासाला जाऊन उलटसुलट करून येत होते. सोमवारी वास होताच, फक्त आता तो भाजलेला होता. माझे अक्षरशः नाकी नऊ आले. घरातलं मीठ, लिंबू, सोडा सगळं त्या तीन चिंध्यांच्या घशात चाललं होतं आणि त्या ढिम्म.

सोमवारी क्लास संपल्यावर पहिल्या रांगेत एकच बाई उरली होती. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्या कधीच मागे सरकल्या नव्हत्या.

"मला बारा महिने सर्दी असते," त्या म्हणाल्या. "पण मागे काय कुजबुज चालते ते ऐकू येतं. काय काय करून पाहिलंत?"

मी पाढा वाचला. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी असा चेहरा केला, जणू मी पेपरात शून्य मिळवलं आहे.

"दोघांनी एकमेकांना मारलं आणि तुम्ही फसफस बघत बसलात. उरलं काय? जवळजवळ नुसतं पाणी. आणि उकळतं पाणी ह्या कापडाला कधी दाखवायचं नाही. नीट ऐका. गार पाणी, अर्धी बादली. त्यात कपभर पांढरं व्हिनेगर, एकटं. शर्ट उलटे करून अर्धा तास. मग थोडीच पावडर, मूठभर नाही, चमचाभर. मग भरपूर पाणी. आणि ते कपड्यांचं सुगंधी कंडिशनर अजिबात नाही. ते कापडावर थर देऊन बसतं. आत घाम अडकतो, साबण पोचत नाही, वरून फुलांचा वास. अंग तापलं की सगळं बाहेर."

"ते आमच्या घरात नसतंच," मी म्हटलं. "फुलांचा वास येतो तो पावडरीचा."

घरी येऊन तरी मी बाबांना विचारलं. "बाबा, तुम्ही कंडिशनर वगैरे नाही ना घालत? ते अजिबात घालायचं नाही म्हणतात."

"नाही," बाबा म्हणाले आणि भाजी निवडत राहिले.

मंगळवारी दुपारी मी बाईंनी सांगितलं तसं तंतोतंत केलं. गार पाणी, कपभर, उलटे, अर्धा तास, घड्याळ लावून. दोन पाण्यांतून काढल्यावर काखेपाशी नाक नेलं. आतलं ते ओलं पायपुसणं फिकट झालं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा फिकट. मला इतका आनंद झाला की मी बाथरूममध्ये एकटीच हसले. तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन आला, गुरुवारची वेळ पक्की करायला.

"बाबा, एक शेवटचं पाणी द्या आणि पिळून टाका," मी म्हटलं आणि बाहेर गेले.

बुधवारी सकाळी शर्टाला पुन्हा फुलांचा वास येत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. दहाव्या मिनिटाला मी हात वर केले आणि पहिली रांग मागे सरकली. मला आरशात सगळं दिसत होतं. उरलेली पन्नास मिनिटं मी हात खांद्याच्या वर नेलेच नाहीत. बायकांना कळलं असणार. क्लास संपल्याबरोबर कपडे बदलून तो शर्ट मी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला आणि गाठ मारली, इतकी घट्ट की बोट दुखलं.

जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास आला. मी म्हटलं, कोणाचं तरी दूध गेलं. दार उघडलं तर ते आमचंच होतं. घरभर निळसर धूर. गॅसवर भांडं काळं पडलेलं, आणि गॅसपासून दोन पावलांवर बाबा टेबलाशी पाठमोरे बसून, रेडिओ ऐकत, माझे पायमोजे जोडीने लावत होते.

मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली.

"बाबा, दूध."

त्यांनी मागे वळून पाहिलं. "अरे, उतू गेलं का?"

"उतू जाऊन, आटून, जळून गेलं. घरात धूर मावत नाही. तुम्ही दोन हातांवर बसला आहात."

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

मी आधीच पेटलेली होते. लक्ष नव्हतं म्हणजे काय, घर जाळायचं आहे का, असं बरंच तोंडावर आलं होतं. आणि मग ते आलंच नाही. भटारखान्याच्या दुसऱ्या टोकाचा कांदा ज्या माणसाला इकडून कळायचा, त्याला लक्ष कशाला लागतं? जमिनीवर पडलेला पायमोजा उचलायला वाकले तर टेबलाखाली, बाबांच्या पायांपाशी, एक निळी बाटली होती. अर्धी. वर फुलांचं चित्र.

मी पिशवीची गाठ सोडली. आतला वास असा अंगावर आला की मीच तोंड फिरवलं. शर्ट बाबांपुढे धरला.

"ह्याला कसला वास येतो आहे, सांगा."

बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, पातेल्यापाशी न्यायचे तसं नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले.

"फुलांचा," ते म्हणाले. "छान आहे."

मग त्यांच्या हाताला ओल लागली. त्यांनी डोळे उघडून शर्टाकडे पाहिलं, काखेतल्या ओल्या डागाकडे पाहिलं, आणि शर्ट हळूच टेबलावर ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून."

म्हणजे चौदा महिने. चौदा महिने ते घड्याळ पाहून आणि चमचे मोजून स्वयंपाक करत होते, आणि मी टेबलाशी बसून म्हणत होते, बाबा, हल्ली तुमच्या हाताची ती मजा गेली हं. हसत म्हणायची मी. ते पण हसायचे.

"सांगायचं ना."

"सांगून काय झालं असतं? तू मला गॅसपाशी उभं राहू दिलं नसतंस."

पाच मिनिटांपूर्वी मी तेच बोलायच्या तयारीत होते.

"आणि ही बाटली? मी मुद्दाम विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस," ते म्हणाले. "पण मला कसं कळणार गं, शर्ट निघाला की नाही ते? डोळ्यांना तर स्वच्छच दिसतो. तू चिठ्ठीचं सांगितलंस आणि मला झोप लागेना. वाटलं, माझ्या धुण्यात काही राहून गेलं असेल आणि तुला तिथे चारचौघांत खाली बघावं लागत असेल. शेवटच्या पाण्यात एक झाकण मी नाक गेल्यापासूनच घालायचो. चिठ्ठी आल्यापासून तीन."

त्यांच्यावर ओरडावं की त्यांना जवळ घ्यावं हे मला ठरवता आलं नाही, आणि अशा वेळी मी नेहमी ओरडते.

"तुमच्या त्या झाकणांनी माझं काम जायची वेळ आली आहे," मी म्हटलं.

उलटे करून ठेवलेले पायमोजे बाबांनी सुलटे केले, मग पुन्हा उलटे केले. हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी चारही बॅचेस दिल्या असत्या. राग खरा होता, वाक्यही खरं होतं, तरी ते बोलायला नको होतं.

थोड्या वेळाने तेच उठले. बाह्या सरसावल्या.

"व्हिनेगर किती उरलं आहे?"

"पाऊण बाटली."

"तिन्ही शर्ट आण. कसं काढायचं ते सांग. हात माझे, नाक तुझं."

मग आम्ही दोघं बाथरूममध्ये बसलो. मी पाटावर, ते स्टुलावर. गार पाणी, कपभर व्हिनेगर, शर्ट उलटे. अर्धा तास. चमचाभर पावडर, खळबळून पाणी. इतक्या महिन्यांचा थर होता, एका खेपेत कसला निघतो. प्रत्येक खेपेला बाबा शर्ट पिळून माझ्यापुढे धरायचे.

"आता?"

"अजून फुलं."

पुन्हा अर्धा तास.

"आता?"

"फुलं गेली. खालचं आलं."

"बरं झालं. खालचं वर आल्याशिवाय जात नाही," ते म्हणाले आणि पाणी ओतून दिलं. बाटली संपली तेव्हा ते स्वतः खाली दुकानात जाऊन दुसरी घेऊन आले. मला वास घेऊन घेऊन डोकं दुखायला लागलं होतं. नाकाला काही कळेनासं झालं की मी गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि परत यायची. बाबा तेवढ्यात पाणी बदलून तयार. एवढ्या कामात ते मला एकदाही थकलेले दिसले नाहीत. मी मात्र कावले होते. त्या शर्टांवर, त्या बाटलीवरच्या फुलांवर, आणि माझ्या स्वतःच्या शाबूत नाकावर, ज्याला चौदा महिने समोर बसलेल्या माणसाचं काही कळलं नव्हतं.

गुरुवारचं इथेच सांगून टाकते, मला ताणून धरलेल्या गोष्टींचा राग येतो. मालकीणबाई पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. मी पहिल्या मिनिटापासून हात वर केले आणि तासभर खाली घेतले नाहीत. कोणी मागे सरकलं नाही. शेवटी त्या घाम पुसत म्हणाल्या, "एक तारखेपासून चारही बॅचेस तुमच्या," आणि रसायनाच्या बाईंनी सर्दीचा रुमाल हलवून दाखवला. नाकाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बाबा कुरकुर करत आहेत. गॅस मी घरात असतानाच पेटवायचा ह्यावर आमचं दोन दिवस भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते बुधवारचं, चौथ्या खेपेचं. शेवटचं पाणी भरलं होतं. बाबांनी तीन शर्ट त्यात सोडले, आणि त्यांचा उजवा हात आपोआप मागे गेला, कोपऱ्यात, जिथे धुताना ते ती बाटली ठेवायचे. हात तिथवर पोचला, थांबला, आणि रिकामाच परत आला. त्यांनी तो विजारीला पुसला. मग नुसत्या पाण्यात शर्ट खळबळले, एक उचलून पिळला आणि माझ्यापुढे धरला.

"आता?"

मी काख हुंगली, गळा हुंगला, पाठ हुंगली. पुन्हा काख.

"कसलाच नाही," मी म्हटलं.

"फुलांचा?"

"नाही."

"खालचा?"

"नाही बाबा. कसलाच येत नाही."

त्यांनी शर्ट स्वतःच्या नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच धरला.

"मग आत्ता आपल्या दोघांना सारखंच कळतं आहे," ते म्हणाले, आणि शर्ट झटकून वाळत घालायला निघाले.